राखाडी की बदामी: लातूरच्या घराच्या रंगकामाच्या नोंदी

२ मार्च २०२५

साईटवर रोजनिशी ठेवायची सवय आहे. स्लॅब कधी भरला, सिमेंटच्या किती गोण्या गेल्या, पाणी किती दिवस मारलं. घरच्या कामाचीही तशीच ठेवायची ठरवली. घरच्या कामात कोण काय बोललं होतं ते आठ दिवसांनी कुणालाच आठवत नाही, आणि आठवलं तर प्रत्येकाला आपलंच आठवतं.

घर १९९५ चं. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा. त्यानंतर अण्णांनी बांधायला घेतलं, त्यामुळे कॉलम गरजेपेक्षा जाड आहेत. रस्ता उत्तरेला, म्हणून हॉलही उत्तरेला. मागचा रंग २०१३ चा, डिस्टेंपर. आता भिंतीला टेकलं की पाठ पांढरी होते. यंदाचं काम: हॉल, मधली खोली, आई-अण्णांची खोली, स्वयंपाकघर. वरचा मजला भाऊ-वहिनीचा, तो दोन वर्षांपूर्वीच झालाय.

वाद पहिल्याच दिवशी सुरू. वहिनीला राखाडी हवाय, थंड, जरा निळसर, तिच्या मोबाईलमधल्या फोटोंसारखा. आईला बदामी. "मळखाऊ पाहिजे बाई. राखाडी म्हणजे गिलावा झाला आन् रंग द्यायचा राहिला असं दिसतं." अण्णांना विचारलं तर म्हणाले, "चुना मारा." आजीला कुणी विचारलंच नाही.

मागच्या वेळी रंग दिलेल्या चाचांना फोन केला. आजपासून रोजे. शिडीवर चढउतार आणि पाणी न पिता दिवसभर खरवडणं या वयात होत नाही, ईद झाली की येतो म्हणाले. "तोवर रंग ठरवून ठेवा ताई, मागच्यासारखं ऐनवेळी नको." मागच्या वेळी ऐनवेळी काय झालं होतं ते मी विचारलं नाही. हातात महिना आहे, भरपूर झाला असं आत्ता तरी वाटतंय.

५ मार्च

शेडकार्ड आणायच्या आधी उलटी यादी केली: जे बदलणार नाही ते काय काय आहे. साईटवरही आपण आधी पाया बघतो.

हॉलमध्ये शहाबादी फरशी, तीस वर्षं पुसून पुसून गुळगुळीत झालेली. सुकी असताना करडी, पोछा मारला की निळसर. दारं-चौकटी सागवानी, पॉलिश केलेली, म्हणजे मधाच्या रंगाची. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध टोकाच्या आहेत आणि भिंतीला दोघींशी जमवून घ्यायचंय. आई-अण्णांच्या खोलीत २०१२ साली बसवलेल्या विट्रिफाइड टाइल्स. आम्ही त्यांना क्रीम म्हणतो, पण आज पांढरा रुमाल ठेवून बघितला तर सरळ गुलाबीकडे झुकतात. तेरा वर्षं त्यांच्यावर चालतेय आणि आज कळलं. स्वयंपाकघरात काळा ग्रॅनाइटचा ओटा. मधल्या खोलीला खिडकीच नाही.

घराबाहेरच्याही दोन गोष्टी यादीत घेतल्या. रस्त्यापलीकडचं घर गेल्या वर्षीपासून नारिंगी झालंय, संत्र्याच्या सालीसारखं. आणि पश्चिमेच्या शेजाऱ्यांची भिंत, आई-अण्णांच्या खिडकीपासून जेमतेम पाच फुटांवर, पोपटी. त्यांना तो रंग बदला म्हणता येत नाही, तेव्हा तोही आपल्याच खोलीतला रंग समजायचा.

९ मार्च

रविवार. गंजगोलाईजवळच्या दुकानात तीन तास. वहिनी बरोबर होती.

शेडकार्डावर पांढऱ्याच्या जवळचे शे-दीडशे रंग असतील. सगळ्यांची नावं इंग्रजी आणि हवेतली. आपल्याकडे या रंगांना काय सुंदर शब्द आहेत: मोतिया, दुधी, सायीचा, हस्तिदंती, गव्हाळ, करडा, भुरका, धुरकट, मातकट. "मातकट द्या" म्हटलं की कोणताही दुकानदार बरोबर डबा काढेल. पण मग त्याची किंमत वाढवता येणार नाही.

उपयोगाची गोष्ट कार्डाच्या मागे, बारीक अक्षरात होती: एलआरव्ही, म्हणजे भिंतीवर पडलेल्या उजेडातला किती परत फिरतो तो आकडा. शून्य म्हणजे ठार काळा, शंभर म्हणजे सगळा उजेड परत. वहिनीला आवडलेला राखाडी ५२ चा निघाला. उत्तरेच्या हॉलला, तेही वर गॅलरीचा पुढे आलेला स्लॅब असताना, ५२ म्हणजे दुपारी चारला ट्यूब लावायची तयारी. तिला आकडा दाखवल्यावर तिनं स्वतःच त्याच कुळातला फिका निवडला. आकड्याचा हा फायदा असतो, नणंद-भावजयीचं भांडण वाचतं.

दुसरी गोष्ट मशीनवरच्या पोराकडून कळली, आणि माझ्या मते आजची कमाई हीच. रंग मिसळताना मशीन एक चिठ्ठी छापतं. पांढऱ्या बेसमध्ये कोणत्या रंगाचे किती थेंब सोडले ते तिच्यावर असतं. कार्डावर दोन राखाडी जुळे भाऊ दिसतात, चिठ्ठीवर बघितलं तर एकाच्या पोटात काळा आणि निळा, दुसऱ्याच्या पोटात काळा, पिवळा ऑक्साइड आणि किंचित लाल ऑक्साइड. पहिला थंड, दुसरा उबदार. डोळा फसतो, चिठ्ठी फसत नाही. आणखी एक त्यानं सांगितलं: नुसता काळा आणि पिवळा असेल तर तो रंग भिंतीवर हिरवट होतो. लहानपणी चित्रकलेच्या तासाला काळ्यात पिवळा मिसळून शेवाळी करायचो, तेच हे. लालचा थेंब त्या हिरव्याला मारायला असतो.

सहा नमुने घेतले, २०० मिलीच्या बाटल्या. पुढच्या नोंदींसाठी क्रमांक देते. १: निळसर राखाडी. २: अगदी फिका पांढरा, पोटात फक्त काळ्याचा थेंब. ३: बदामी, पिवळा आणि काळा. ४: राखाडी-बदामीच्या मधला, काळा, पिवळा, लाल. ५: सायीचा, पिवळ्याचा थेंब. ६: मोतिया, लालचा थेंब.

१६ मार्च

आठवडा वाया गेला, चूक माझी. सोमवारी उत्साहात हॉलच्या भिंतीवर थेट सहा चौकोन मारले, एकेक हात. खालून जुना पिवळट डिस्टेंपर डोकावला आणि सहाच्या सहा आजारी दिसू लागले. शिवाय सगळे शेजारी शेजारी, त्यामुळे प्रत्येकजण दुसऱ्याला बिघडवत होता.

ही शेजारची खोड जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या गोब्लँ विणकाम कारखान्यात शेव्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ रंगाईचा प्रमुख होता. काळा धागा नीट काळा येत नाही अशी तक्रार आली. त्यानं तपासलं तर धाग्यात खोट नव्हती, शेजारचा रंग त्याला फिका पाडत होता. १८३९ साली त्यानं ते सगळं सविस्तर छापलं. आमच्या हॉलमध्ये तेच चाललंय: सागवानी चौकट नारिंगीकडची, म्हणून तिच्या शेजारचा कुठलाही राखाडी असतो त्याहून जास्त निळा दिसतो.

चौकोन पांढऱ्या प्रायमरनं झाकले. आता दोन बाय दोन फुटांचे जाड पुठ्ठे घेतले, आधी प्रायमर, मग रंगाचे पूर्ण दोन हात, आणि एक दिवस वाळू दिले. ओला इमल्शन फिका दिसतो, वाळल्यावर एक पायरी गडद होतो. पुठ्ठ्याचा फायदा असा की तो दाराशी नेता येतो, फरशीवर उभा करता येतो, दुसऱ्या खोलीत हलवता येतो. आजी दारात बसून बघत होती. "काय करू लालीस गं कवापासून? पाटी खालून वर, वरून खाली."

२१ मार्च

पाच दिवस, दिवसातून चार वेळा बघितलं. वेळा आमच्या वापरावरून धरल्या: सकाळी सात, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री नऊ.

हॉल. क्रमांक १ सकाळी निळा. राखाडी नाही, निळा, शाळेच्या पोरांच्या शर्टासारखा. बारा वाजता तोच पुठ्ठा माणसात आला, जरा गुलाबीसुद्धा. मला कळेना. पुस्तकी नियम असा की उत्तरेचा उजेड थंड आणि दिवसभर एकसारखा, म्हणून उत्तरेच्या खोलीला उबदार रंग द्यावा. इथे एकसारखा कुठाय? मग बाहेर गेले आणि समजलं. समोरच्या नारिंगी घराचं तोंड दक्षिणेकडे, म्हणजे आमच्याकडे. मार्चचं दुपारचं ऊन दक्षिणेकडून त्याच्यावर भरपूर पडतं आणि तो रंग आमच्या हॉलमध्ये फेकला जातो. आमची उत्तर दुपारी नारिंगी असते.

रात्री नऊला सगळंच वेगळं. हॉलची ट्यूब ६५०० केल्विनची. हे केल्विन प्रकरण उलटं आहे, आकडा मोठा तितका उजेड निळा आणि "थंड", आकडा लहान तितका पिवळा. ६५०० खाली क्रमांक २ म्हणजे दवाखाना. क्रमांक ३ हिरवट. क्रमांक ४ नुसता करडा. एक ३००० चा बल्ब आणून लावला तर हेच सगळे एकदम बदामी कुटुंबातले. मग ४००० चा आणला. त्याखाली प्रत्येक पुठ्ठा साधारण दिवसासारखाच दिसला. आई म्हणाली, मग रंग कशाला बदलता, दिवेच बदला. बोलणं खोटं नाही.

आणखी एक गंमत. नमुना पारखायला बाजूला झेरॉक्सचा कोरा कागद धरावा असं कुठे कुठे सांगतात. मी धरला, तर सगळेच रंग मळके पिवळे. तो कागदच निळसर असतो, त्यात चमक यावी म्हणून घातलेलं द्रव्य उन्हातले अतिनील किरण घेऊन निळा उजेड सोडतं. रात्री बल्बखाली तीच चमक बरीच कमी होते. पट्टीच वाकडी असेल तर भिंत सरळ कशी मोजणार? कागद टाकून दिला, पुठ्ठा पुठ्ठ्याशीच ताडून बघते आता.

आई-अण्णांची खोली: साडेअकरा ते साडेबारा या तासात ऊन वरून त्या पाच फुटांच्या बोळात उतरतं, पोपटी भिंत पेटते आणि क्रमांक ३, आईचा लाडका बदामी, कच्च्या कैरीच्या सालीसारखा होतो. आईला बोलावून दाखवलं. तिनं पदर तोंडाला लावला आणि काही न बोलता गेली.

२३ मार्च

एका लग्नासाठी छत्रपती संभाजीनगर. वेळ होता म्हणून मकबऱ्यात गेले. सतराव्या शतकातली वास्तू. शाळेच्या सहलीत "गरिबांचा ताज" एवढंच ऐकलं होतं. आज मिस्त्रीच्या नजरेनं बघितलं. संगमरवर खाली कमरेएवढ्या पट्ट्यात आणि वर घुमटाला. मधला बराचसा भाग दगडावर घोटलेला बारीक गिलावा, संगमरवरासारखा दिसावा म्हणून केलेला. जिथे दोघांची गाठ पडते तिथे दोन पांढरे वेगळे कळतात. संगमरवर थंड, गिलावा सायीकडे झुकलेला, पावसानं काळवंडलेला. पण लांबून, बागेतल्या पाण्याच्या टोकाला उभं राहिलं की एकच पांढरं दिसतं.

छताचा विचार तिथेच डोक्यात आला. आपण छताला डब्यातला कोरा पांढरा मारतो आणि भिंतीला उबदार. मग कोपऱ्यात भिंत मळकी दिसते, दोष भिंतीचा नसतोच.

३१ मार्च

काल पाडवा, आज ईद. सकाळी गुढी उतरवून ठेवलेली काठी अजून गॅलरीतच आहे आणि दुपारी चाचांकडून शिरखुर्म्याचा डबा आला. चाचा स्वतः आले, पुठ्ठे बघितले. सहाही पुठ्ठे उन्हात नेले, सावलीत आणले, बोटानं घासले. मग म्हणाले, "कार्ड पे कुछ बी दिखता ताई. तुमने पुठ्ठे पे उतारा, ये अच्छा किया." हे मला पदवीपेक्षा बरं वाटलं.

आजी आज बोलती झाली. औशाकडच्या गावी माळवदाचं घर होतं, पांढऱ्या मातीचं. दिवाळीच्या आधी चुना भिजत घालायचे, आणि चुन्यात नीळ. किती? "चिमूट. जास्त पडली तर भिंत धोतरासारखी दिसती." माजघरात मात्र नीळ नाही, तिथे चुन्यात पिवडी. मी विचारलं, का? "आंधारात निळं घातलं तर मढ्याच्या घरावानी दिसतंय. दिव्याच्या उजेडाला पिवळंच पाहिजे."

मी महिनाभर पुठ्ठे नाचवून जिथे पोचले, तिथे आजी चुना कालवत पोचलेली होती. उजेडाच्या खोलीला नीळ, दिव्याच्या खोलीला पिवडी. निळीचं तर शास्त्रही साधं आहे: चुन्यातला पिवळेपणा ती मारते. खरं तर भिंत परत फेकते तो उजेड त्यानं थोडा कमीच होतो, पण डोळ्याला जास्त पांढरं वाटतं.

तिला म्हटलं, तुझ्या कोपऱ्याला निळीचा चुना मारू का? चाचांनीच मान हलवली. डिस्टेंपरवर चुना धरत नाही, पोपडे निघतील.

१३ एप्रिल

आठवडाभर काम. खरवडणं झालं, बाथरूमलगतच्या भिंतीला लोणा होता, तिथला गिलावा दीड फुटापर्यंत काढून नवीन केला. तो भाग महिनाभर तरी वाळू द्यायचा, तिथे रंग सर्वांत शेवटी. बाकीकडे लांबीचे, म्हणजे पुट्टीचे, दोन हात, घोटाई, १८० चा पॉलिश पेपर. घरभर पांढरी धूळ, कूलरच्या जाळीतसुद्धा. उद्या भीमजयंती, चाचांचे दोन्ही मदतनीस मिरवणुकीत. परवा प्रायमर.

१८ एप्रिल

आज अण्णांनी सगळं उलटंपालटं केलं.

प्रायमरच्या भिंतीला पुठ्ठा ४ आणि ५ टेकवून ठेवले होते. अण्णा खुर्चीत बसून एकदा डावा डोळा झाकतात, एकदा उजवा. डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन जानेवारीत झालंय, उजव्याचं बाकी आहे. म्हणाले, "हा रंग दोन आहेत." म्हणजे कसे? "याने बघितलं तर निळसर पांढरा. याने बघितलं तर चहा सांडल्यागत."

वाचलं तर खरंच तसं होतं. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं आणि निळा उजेड अडवतं. हळूहळू होतं म्हणून माणसाला कळत नाही. भिंग बदललं की निळा एकदम परत येतो. म्हणजे आम्ही महिनाभर ज्या एका रंगावर मतं घेत होतो, तो सत्तरीच्या माणसाला आणि तिशीतल्या वहिनीला मुळात सारखा दिसतच नसणार. आईला बदामी हवा, पण तिला जो क्रमांक ५ दिसतो तोच तिच्यासाठी पुरेसा बदामी असेल. त्यात आणखी पिवळा घातला तर इतरांना तो वरणाचा रंग.

अण्णांना विचारलं, मग तुम्हाला कोणता बरा वाटतो? "निळसरवाला. लई वर्षांनी बघू लागलोय."

२४ एप्रिल

ठरलं. अर्थात सगळे खुश नाहीत.

स्वयंपाकघर क्रमांक २, थंड. पूर्वेची खिडकी, सकाळी पाच ते दहा तिथेच सगळं चालतं आणि सूर्य उगवला की पिवळंधमक ऊन आत असतं. थंड पांढरा ते ऊन पचवतो. सायीचा मारला तर सकाळी लोण्यात बसल्यासारखं वाटेल. ओटा काळा, त्याच्याशीही जमतो. ट्यूब मात्र काढायची, ४००० ची आणायची. फोडणीचे डाग धुता यावेत म्हणून चमक असलेला रंग.

मधली खोली क्रमांक ५. तिथे सूर्य नाही, दिवाच. आजीचा नियम.

आई-अण्णांची खोली क्रमांक ६, लालचा थेंब असलेला. पोपटी उजेडाला लालच मारतो, पिवळ्यानं ते आणखी चिघळतं. टाइलच्या गुलाबीशीही तो जुळतो. अण्णांना इथे निळसर हवा होता. क्रमांक २ चा पुठ्ठा दुपारी बाराला खिडकीशी धरून दाखवला, तेव्हा डाव्या डोळ्यानं बघून तेच "नको" म्हणाले.

हॉल क्रमांक ४. वहिनी म्हणते फार गुलाबी, आई म्हणते फार करडा. दोघींची सारखीच नाराजी आहे, म्हणून घेतला असं भाऊ म्हणतो. मी शहाबादी आणि सागवान दोन्ही बघून घेतला. क्रमांक १ फरशीशी जमतो पण चौकटींना भडक करतो, क्रमांक ३ चौकटीशी जमतो पण फरशी मेल्यासारखी दिसते. ४ च्या पोटात दोन्हीकडचं थोडं थोडं आहे.

छताला ज्या त्या खोलीचाच रंग, पाव ताकदीचा. दुकानात त्याच फॉर्म्युल्याच्या थेंबांचा चौथा हिस्सा टाकायला सांगितलं. मशीनवरच्या पोरानं दोनदा विचारून घेतलं.

हिशोब: हॉल १८ बाय १४, उंची १०. भिंती ६४० चौरस फूट, दारं-खिडक्या वजा ११०, उरले ५३०. डब्यावर दोन हातांना लिटरमागे १२० ते १४० चौरस फूट लिहिलंय, मी १२० धरले. साडेचार लिटरच्या आत बसतं, पाच घेतला, एकाच वेळी. कमी पडला म्हणून नंतर लिटरभर आणला की त्यात थेंबाचा फरक येतो, आणि नेमका मोठ्या भिंतीच्या मध्यावर दिसतो. दोन डबे असतील तर आधी मोठ्या बादलीत एकत्र ओतायचे, हे चाचांचं.

चमक हॉलला नको, मॅट. तीस वर्षांच्या भिंतीचं पोट कुठे कुठे सुटलेलं असतं, चमकदार रंग ते उन्हात मोजून दाखवतो.

३ मे

हॉलचा पहिला हात काल झाला. सकाळी उठून बघितलं आणि पोटात गोळा. गुलाबी. सरळ गुलाबी, पानसुपारीच्या पिचकारीवर पाणी मारल्यासारखा. वहिनी जिन्यावरून बघून काही न बोलता वर गेली, ते जास्त लागलं.

चाचा दहाला आले. भिंतीकडे नाही, जमिनीकडे बघितलं. रंगाचे थेंब पडू नयेत म्हणून हॉलभर जुनी लाल सतरंजी अंथरलेली. तिनेच तर सगळं केलं होतं. गुंडाळली, खालची शहाबादी उघडी पडली, आणि पाच मिनिटांत भिंत शुद्धीवर आली. महिनाभर दुसऱ्याच्या नारिंगी घरावर नोंदी लिहिणारी मी, पायाखालची सतरंजी दिसली नाही.

दुसरा हात आज.

१४ मे

लातूर साडेअठरा अंशांच्या जरा खाली. या आठवड्यात बारा वाजून वीस मिनिटांच्या सुमाराला सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावली. गच्चीवर पाण्याची टाकी स्वतःच्या सावलीवर उभी होती. इथून जुलैच्या शेवटापर्यंत भर दुपारी सूर्य आपल्या उत्तरेला असतो, आणि २१ जूनला तर उगवतो पूर्वेच्या जवळजवळ २५ अंश उत्तरेला. शाळेत शिकलेलं असतं, पण घराला लावून कधी बघितलेलं नसतं.

हॉलमध्ये परिणाम असा: समोरच्या नारिंगी घराच्या दक्षिणेच्या तोंडावर आता दुपारी ऊनच पडत नाही, त्यामुळे मार्चमधला तो गुलाबी उजेड गायब. भिंत आता पूर्वीपेक्षा करडी दिसते. त्याऐवजी सकाळी सहा-सव्वासहाला उत्तरेच्या खिडकीतून एक तिरकी तिरीप येते आणि बैठकीच्या भिंतीवर अर्धा तास सोनं सांडतं. मार्चमध्ये ती नव्हती. "उत्तरेच्या खोलीत ऊन येत नाही" हे वाक्य थंड मुलखातून आलेलं आहे, इथे ते निम्म्या वर्षापुरतंच खरं.

थोडक्यात, मार्चमधल्या माझ्या सगळ्या नोंदी मार्चच्या होत्या. आई आज दुपारी म्हणाली, "हे राखाडीच झालं की शेवटी." मी तिला डिसेंबरपर्यंत थांब म्हटलं. तिला पटलेलं नाही. संध्याकाळच्या बैठकीसाठी कोपऱ्यात ३००० चा एक दिवा लावून दिला, तेवढ्यापुरती ती शांत आहे.

थंड रंगानं खोली थंड राहते असं वहिनीच्या माहेरचे पाहुणे सांगून गेले. आतल्या रंगानं पारा उतरत नाही. उकाडा येतो तो छतातून. गच्चीला पांढरा लेप दिला तर खालचा स्लॅब कमी तापतो, तो खर्च मी अण्णांकडून मंजूर करून घेतलाय. त्यांना आनंद याचा की शेवटी कुठेतरी पांढरं मारायचंय.

२३ मे

अवकाळी. तीन दिवस आभाळ, मे महिना असून कूलर बंद. ढगाळ उजेडात चारही खोल्या पहिल्यांदा एकसारख्या प्रकाशात बघायला मिळाल्या. स्वयंपाकघर सर्वांत फिकं पडलं, जरा उदास. उन्हाच्या भरवशावर थंड रंग दिला आणि ऊनच गेलं. श्रावणात ते असंच राहणार. वहिनी म्हणाली, तिला चालेल. चहा करताना तिथला दिवा आता सकाळीच लागतो.

आई-अण्णांची खोली सगळ्यात चांगली उतरली. पोपटी भिंत ओली होऊन गडद झालीय तरी आत हिरवं काही येत नाही.

२९ मे

बाथरूमलगतच्या भिंतीचा नवा गिलावा वाळला, तिथेही दोन हात. चाचांचा हिशोब पूर्ण. उरलेला रंग: क्रमांक ४ पाऊण लिटर, ६ अर्धा, २ आणि ५ तळाशी. झाकणावर खोलीचं नाव आणि तारीख लिहिली. मशीनच्या चिठ्ठ्यांचे फोटो काढून ठेवले, कारण त्या चिठ्ठीवरची शाई वर्षभरात उडते. मूळ चिठ्ठ्या वीजबिलांच्या फायलीत.

बाकी: जिन्याची भिंत. तिच्यावर अजून धुळवडीचे हात उमटलेले आहेत. पावसाळ्यात ती उघडायची नाही. अण्णांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन ऑगस्टमध्ये, जिन्याचे पुठ्ठे त्यानंतर.